पेटी भंगारात जाणार नाही

प्रिय चिंगी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच. ‘बाबांची हत्यारांची पेटी भंगारवाल्याला देऊन टाक. माझ्या लेकीच्या हाती ती लागता कामा नये. त्यांच्या हलगर्जीपणाची एक खूण माझ्या तोंडावर आहे, तेवढी पुरे.’ चष्मा पुसून पुसून मी हे तीनदा वाचलं. हलगर्जीपणा! छत्तीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली, साहेबलोकांचे नाही नाही ते शब्द निमूटपणे कागदावर उतरवले, पण हा एक शब्द तुझ्या बाबांच्या नावाला चिकटलेला पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेटी मी देणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की पत्र फाडायचं ते तुझं तू ठरव. पण वाच.

तुझ्या लेकीने जुन्या बाजारातून टाइपरायटर उचलून आणला आणि आता तो स्वतःच दुरुस्त करणार म्हणते. मला फोनवर म्हणाली, “आजी, कसलं गोड मशीन आहे गं!” गोड! मी म्हटलं, बये, त्या गोड मशीननं आमच्या हॉलमधल्या सोळा जणींची काय दशा केली होती ते ऐक. माझ्या शेजारी जी बसायची तिची लांब वेणी एकदा चार कार्बनांसकट रोलरमध्ये गेली, आणि ही बाई “आई गं” म्हणायच्या आधी “माझी ओळ!” म्हणून ओरडली. हेडक्लार्क माझ्या खांद्यावरून वाकून चुका काढत होते, तर त्यांचा टाय कॅरेजमध्ये, म्हणजे कागद धरून सरकणाऱ्या वरच्या भागात, अडकला. दर अक्षराला त्यांची मान एकेक घर डावीकडे सरकत गेली आणि मी ओळ पूर्ण केल्याशिवाय थांबले नाही. ते मात्र मी मुद्दाम केलं. चुकलेलं अक्षर खरवडायला अर्धं ब्लेड वापरायचो, त्याचे वार अजून माझ्या अंगठ्यावर मोजता येतील. बोट घसरून दोन कळांच्या मध्ये गेलं की सालपट निघायचं. पेट्रोलने मशीनची अक्षरं घासायच्या दिवशी त्या वासाने संध्याकाळपर्यंत भिंती हलायला लागायच्या. एकीच्या पायावर अख्खं मशीन पडलं, तर साहेबांनी आधी मशीनची चौकशी केली.

पोरगी खो खो हसत होती. मग तिने सहज विचारलं, “आजी, मागे डावीकडे डबीसारखं काहीतरी आहे, त्यातून एक पट्टा निघालाय. सोडून बघू?” चिंगी, मी इतक्या जोरात किंचाळले की वरच्या मजल्यावरच्या बाई धावत खाली आल्या. “हात काढ! हात काढ आधी!” एवढंच मी म्हणत होते. तिने हात काढला, पण घाबरून तुला सांगितलं, आणि त्यातून तुझं हे पत्र आलं.

त्या डबीत एक लांब स्प्रिंग गुंडाळलेली असते. तिच्यावर तो पट्टा, पट्ट्याच्या टोकाला लोखंडी आकडा, आणि आकडा कॅरेजला. ती स्प्रिंग सतत डावीकडे ओढत असते, म्हणून तर कॅरेज पुढे सरकतं. तुझे बाबा दर मंगळवारी आमच्या हॉलमध्ये मशीनं तपासायला यायचे तेव्हा हेच समजावून सांगायचे. आकडा काढला की तो हातातून सोडायचा नाही, सुटला तर चाबकासारखा डबीकडे परत जातो; बाजूच्या स्क्रूला अडकवायचा. डबीला पीळ देताना ते पुटपुटत मोजायचे, “एक, दोन, तीन, चार. बास.” आम्ही त्यांना ‘चार बास’ म्हणायचो. मीही म्हणायची, लग्न ठरेपर्यंत. काम अर्धवट ठेवून उठायचं झालं तर ते स्पेसच्या दांडीला लाल लोकर बांधून जायचे. लाल लोकर दिसली की कोणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही. अशा माणसाला तू हलगर्जी म्हणतेस.

तुझ्या गाडीत बसले की उतरताना मी तो सीटचा पट्टा हातात धरून हळूहळू आत जाऊ देते. तू वैतागतेस. “आई, सोड ना, तो आपोआप जातो!” जातो, माहीत आहे मला. तो जाताना जो आवाज होतो, तो मला ऐकायचा नसतो. शिंप्याने मापाची पट्टी सर्रकन ओढली, कोणी पडदा गुंडाळून वर सोडला, की माझा हात आपसूक डाव्या डोळ्यावर जातो. माझ्याच डोळ्यावर, ज्याला काहीही झालेलं नाही. आणि गेलं वर्षभर, बाबा गेल्यापासून, दुपारी चारच्या सुमाराला घरात कोणीतरी मोजत असतं. कपाटाशी, जिथे पेटी आहे तिथे. एक, दोन, तीन, आणि मग काही नाही. चौथा आकडा येत नाही. मी हातातलं काम टाकून त्याची वाट बघत उभी राहते. म्हातारीला भ्रम झालाय म्हण हवं तर.

तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मी घरी काम आणायची. कुणाचा तरी प्रबंध होता, संध्याकाळी पाच वाजता द्यायचा होता आणि वीस पानं उरली होती. त्यात मशीन अडलं. बाबांनी ते उघडलं, पट्टा काढून स्क्रूला अडकवला, तेल संपलं म्हणून आणायला गेले. जाताना लोकर बांधून गेले आणि वर मला बजावून गेले, “हात लावू नकोस, आलोच.” मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी या मशीनांवर आयुष्य काढलेली बाई, एक आकडा लावायला मला काय मेकॅनिक लागतो? लोकर सोडून खिशात टाकली. तू डावीकडच्या खुर्चीवर गुडघे टेकून, वाकून आत बघत होतीस. तुला ‘तिकडे हो’ म्हणायला एक क्षण लागला असता. मी स्क्रूवरून आकडा काढला, कॅरेजकडे ओढला, आणि माझी बोटं तेलकट होती.

आधी तो आवाज आला. तू ओरडलीस ती नंतर.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “मशीन कोण हाताळत होतं?” कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी आम्हाला छडी मारून शिकवलं होतं की खोटं बोलू नये. मी खोटं बोलले नाही. मी म्हटलं, “हे दुरुस्त करत होते.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाबा तेलाची बाटली तशीच हातात घेऊन दाराशी उभे होते. घरी जाऊन ते मशीन पाहून आले होते, लोकर नाही हेही त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. नंतर माझी आई तुझ्या उशाशी बसून म्हणाली, “बापाचा हलगर्जीपणा, दुसरं काय!” पट्टीखालून तू ऐकत होतीस आणि मी तुझं पांघरूण नीट करत होते. बाबा मला एकदाच बोलले, “आत्ता तिला आई लागणार आहे. माझ्यावर रागावली तर चालेल. मोठी झाली की तू सांग.” मी हो म्हटलं. त्यांनी पेटी बंद केली आणि गोदामात चौकीदारी धरली. तू मोठी झालीस, फोटोत डावी बाजू लपवायला शिकलीस, त्यांच्याशी कामापुरतं बोलायला शिकलीस. तुझं लग्न झालं, तुला लेक झाली. मी सांगितलं नाही.

आता हे पत्र का, ते ऐक. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी मला विचारलं, “चिंगीला सांगितलंस?” त्यांचा श्वास पुरत नव्हता. मी म्हटलं, “हो. सगळं सांगितलं.” आयुष्यातलं हे माझं पहिलं निखळ खोटं. त्यांचा चेहरा इतका उजळला की काय सांगू. म्हणाले, “मग येईल ती.” त्यांनी दाढी करून मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस. खांद्यावरची पर्स उतरवली नाहीस, दारापाशीच उभी राहिलीस, औषधांची चौकशी केलीस आणि वीस मिनिटांनी गेलीस. तुझा दोष नाही, तुला काय ठाऊक? पण ते किती तरी वेळ दाराकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, “तिला सगळं कळलंय ना? मग अजून माझं काय चुकलं?” मी त्यांच्यासमोर बसले होते, चिंगी. एक वाक्य पुरलं असतं. मी औषधाची वेळ झाली म्हणून उठले, आणि सकाळी ते नव्हते.

तुझीच म्हणवून घेण्याचा हक्क उरला असेल तर तुझीच,
आई