श्वासाचा रकाना

४ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले मोजे पोचले. एक जोड मी घेतला, एक गोगलगायीला दिला. गोगलगाय म्हणजे हॉस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी. इतकी सावकाश की तिचं दुसरं नाव कोणाला सुचलंच नाही.

वाईट बातमी आधी सांगते, नाहीतर तू पत्राच्या शेवटी उडी मारशील. मी नर्सिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. सकाळी सात ते एक वॉर्ड आणि दोन ते पाच वर्ग असतो. ट्यूटरबाई हृदयाचे चार कप्पे समजावतात तेव्हा माझे दोन डोळेसुद्धा उघडे राहत नाहीत. पुस्तकातलं वॉर्डात दिसत नाही, वॉर्डातलं पुस्तकात सापडत नाही. गेल्या महिन्यात चार मुली ट्रंका उचलून घरी गेल्या. त्यातल्या दोघी माझ्याहून हुशार होत्या.

पण माझं खरं दुखणं म्हणजे राउंड. तीस खाटा. प्रत्येकीचा ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजून कागदावर चढवायचा, तोही पाऊण तासात. मला सव्वा तास लागतो. गोगलगायीला दीड, कारण ती प्रत्येक बाईच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. ट्यूटरबाईंनी सगळ्यांदेखत बजावलंय की डिसेंबरपर्यंत वेग आला नाही तर वर्ष पुन्हा करावं लागेल.

आईचं घड्याळ एप्रनला लावते. सेकंदकाटा अजून शहाण्यासारखा चालतो. तू एकतीस वर्षं वॉर्ड सांभाळलास, आई गेल्यावर मलाही सांभाळलंस. आता हे कसं निभवायचं तेही तूच सांग. ट्रंक घेऊन परत यायचं नाहीये मला.

लोभ आहेच, तो जरा उत्तरात दिसू दे.

तुझी,
टिटवी

१२ जुलै

चि. टिटवीस,
अनेक उ. आ.

नापास झालीस म्हणून आकाश कोसळलं नाही. मी दोनदा झाले होते. तुझ्या आजीला एकदाचंच माहीत होतं.

एक गोष्ट समजून घे. हॉस्पिटलला तुमचे हात हवे असतात. डोकं तुम्ही आपापल्या फावल्या वेळात शिकवायचं, आणि ते जमलं नाही की चूक तुमची. मुली बिचाऱ्या खरंच मानतात की आपणच मठ्ठ. तेव्हा आधी मठ्ठ म्हणवून घेणं बंद कर. पुस्तक पान एकपासून वाचत बसू नकोस. सकाळी जो आजार खाटेवर पाहिलास तोच दुपारी काढून वाच, मग तो चेहऱ्यासकट लक्षात राहतो. घोकू नकोस, गोगलगायीला समजावून सांग. ती जिथे जांभई देईल तिथे तुलाच समजलेलं नाही असं धर. जेवणानंतर वीस मिनिटं झोप. आणि रडायचं असेल तर चादरींच्या खोलीत जा, तिथे कोणी काही विचारत नाही, कारण सगळ्याच तिथे रडून गेलेल्या असतात.

आता वेगाचं. हे कुठल्याही पुस्तकात नाही आणि कोणतीही सिस्टर कबूल करणार नाही. श्वास मोजत बसायचं नाही. बाई बरी दिसली तर अठरा लिही, जरा मलूल दिसली तर वीस. जी बाई तुझ्याशी बोलतेय तिचा श्वास ठीकच असतो. आम्ही जन्मभर हेच केलं आणि हॉस्पिटलं चालली. त्या रकान्याकडे डॉक्टरही बघत नाहीत. तीस मिनिटं तिथेच वाचतात, हिशेब कर.

माझं बरं आहे. जिना चढला की भाता सुरू होतो, पण वयाला काहीतरी वाजायला हवंच.

माया पातळ होऊ देऊ नकोस, पत्र लांब लिही.

तुझी,
मावशी

२० सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गादीवर बसवावी अशी तू बाई आहेस! परवाच्या परीक्षेत मी वर्गात दुसरी आले. राउंड बत्तीस मिनिटांत संपला. ट्यूटरबाईंनी सगळ्यांना माझा कागद दाखवला, असा स्वच्छ कागद हवा म्हणाल्या. तुझी खाटेवरून पुस्तकात जायची युक्तीही लागू पडली. आता वर्गात झोप येत नाही, कारण समजतं.

गोगलगाय मात्र आहे तिथेच आहे. तिला मी तुझी युक्ती सांगितली. ती म्हणाली की तिला ते जमणार नाही, आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात लिहीतच नाही. मग तिला गेल्या आठवड्यात राउंड अर्धवट राहिला म्हणून उभं केलं आणि बेसिनं धुवायला लावलं. आधी मला तिची दया आली. नंतर रागच आला. एवढं ताठ राहून मिळतं काय?

सतरा नंबरला एक शिंपीणबाई आल्यात, पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझा एप्रन शिवणाऱ्याला पुन्हा सुई हातात देऊ नये म्हणाल्या, आणि काल खाटेवर बसल्या बसल्या एक बाही उसवून नीट करूनही दिली. दुसरी उद्या करणार आहेत.

जिना जपून चढ. लोभ वाढला तर तक्रार नाही.

तुझी,
टिटवी

२७ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शिंपीणबाई गेल्या. बाही एकच झाली.

नीट क्रमाने लिहिते. मंगळवारी सकाळी आठच्या राउंडला गोगलगायीने त्यांचा श्वास बत्तीस लिहिला. बाराच्या राउंडला मी होते. बाई नेहमीसारख्या बोलत होत्या, जरा थांबून थांबून, पण बोलत होत्या. मी अठरा लिहिला. मावशी, मी त्यांच्या छातीकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर इन्चार्ज सिस्टरनी कागद चाळला. वरपासून खालपर्यंत अठरा-वीस, मध्येच एक बत्तीस. त्यांना वाटलं गोगलगायीने घोळ घातला. त्यांनी बत्तीसवर रेघ मारली आणि शेजारी अठरा लिहिलं. डॉक्टर आले, त्यांनी स्वच्छ कागद पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. फुप्फुसात पू झाला होता. डॉक्टर म्हणाले की एक दिवस आधी कळलं असतं तर वाचवता आलं असतं.

आता चौकशी लागलीय, आणि पकडलंय गोगलगायीला. कागदावर तिचाच आकडा खोडलेला आहे ना. बत्तीस खरा होता तर कोणाला सांगितलं का नाही, असं तिला विचारलं. तिने सांगितलं की इन्चार्ज सिस्टरना सांगितलं होतं. सिस्टर म्हणतात, नाही. आणि तिचा आकडा चुकीचा होता याचा पुरावा काय, तर माझा अठरा. सोमवारी मला बोलावलंय. एकच प्रश्न असणार आहे, मी मोजला होता का.

मी खरं बोलले तर माझं वर्ष जाईल, कदाचित शाळाही. नाही बोलले तर ती जाईल. काय करू ते लगेच कळव. या वेळी लोभ नको, उत्तर हवं.

तुझी,
टिटवी

३० सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक उ. आ.

तोंड उघडायचं नाही. मोजला होता म्हणायचं आणि बाहेर यायचं.

तुला कठोर वाटेल, वाटू दे. गेलेली बाई परत येत नाही. तू खरं बोललीस तर ती मुलगी वाचेलच असं नाही, तू मात्र नक्की बुडशील. त्यांना एकच बळी हवा असतो, आयते दोन मिळाले तर दोन्ही घेतील. गोगलगाय आज ना उद्या जाणारच होती. आणि एका आकड्याने माणूस मरत नाही, टिटवे. कागद स्वच्छ असूनही माणसं जातात. तुझ्या आईचा कागद शेवटच्या संध्याकाळपर्यंत स्वच्छ होता, तरी ती गेलीच ना?

मन घट्ट कर. नर्सच्या कातडीला ते सवयीने जमतं. माझ्यावर विश्वास ठेव, आजवर ठेवलास तसाच.

तुझी,
मावशी

६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. मोजला होता, असं म्हणाले. खोलीत पाच माणसं होती, कोणी पुन्हा विचारलं नाही. मला चांगलं काम करतेस म्हणाले.

गोगलगायीला काढलं. ती काल गेली. ट्रंक भरायलाही तिने दोन तास घेतले, प्रत्येक कपड्याची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून. तिला माहीत होतं. युक्ती मीच तर तिला सांगितली होती. तिने ते चौकशीत सांगितलं नाही, आणि मलाही काही बोलली नाही. तू दिलेले मोजे धुऊन माझ्या उशीवर ठेवले. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला जेवण जात नाही. माझी मलाच किळस येते.

मला एक सांग. आई तुझ्याच वॉर्डात होती. त्या शेवटच्या संध्याकाळी तिचा कागद कोणी भरला होता?

टिटवी

१५ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

मी भरला होता.

ड्यूटी संपायला दहा मिनिटं होती. तुझी आई उशीला टेकून तुझ्याबद्दल सांगत होती. शाळेच्या कार्यक्रमात तू सगळ्यांच्या वर आवाज काढून कशी गायलीस ते. सांगताना मध्येच थांबत होती, वाक्य तोडत होती. मला दिसलं. मला वाटलं हसून दम लागला असेल. बोलतेय म्हणजे ठीक आहे, असं मी स्वतःला सांगितलं. अठरा लिहिलं, सही केली, तिचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आले. सकाळी गेले तेव्हा खाटेवर धुतलेली चादर घातली होती. कोणी मला काही विचारलं नाही. कागद स्वच्छ होता.

तू विचारशील, मग मला तेच का शिकवलंस. हे मी आठ दिवस स्वतःला विचारतेय. उत्तर घाण आहे, पण लिहिते. तू तेच केलंस आणि तुझ्या हातून कोणी गेलं नाही, तर माझ्याही हातून कोणी गेलं नव्हतं, असं ठरलं असतं. मला तेवढं ठरवून हवं होतं. त्यापायी मी तुला वापरलं, आणि त्या मुलीला घरी पाठवलं.

आईचं घड्याळ मी तुला कौतुकाने दिलं असं तू समजतेस. ते कपाटात असलं की मला झोप लागत नसे, म्हणून दिलं. तशी आताही लागत नाही. तीन उशा घेतल्याशिवाय पाठ टेकवत नाही आणि घोट्यांवर बोट दाबलं तर खळगा पडतो. पण हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही.

लोभ असू दे असं लिहायचा मला हक्क उरला नाही.

मावशी

२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उत्तर लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. दोनदा लिहून फाडलं. तुझ्या नावापुढे नमस्कार घालायचा की नाही यावरच अडले. आता घातला आहे, तो सवयीचा आहे असं समज.

मागच्या सोमवारी मी प्राचार्यांना लेखी दिलं. सतरा नंबरचा श्वास मी मोजला नव्हता, चौकशीत खोटं बोलले, बत्तीस खरा होता. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि हे लिहायला मला कोणी सांगितलं ते विचारलं. कोणी सांगितलं असेल हेच त्यांना महत्त्वाचं वाटलं. माझं वर्ष गेलं. गोगलगायीला परत घेतलं नाही. चौकशी संपली आहे, फाइल बंद आहे म्हणाले. तिच्या जागी बेसिनं आता मी धुते. तू म्हणाली होतीस ते अगदी बरोबर निघालं, ती वाचली नाही आणि मी बुडाले. तरी मी लिहून दिलं याचं मला वाईट वाटत नाही. उशिरा दिलं याचं वाटतं.

तिलाही सगळं कळवलं, माफी मागितली. माफ केलं की नाही ते तिने लिहिलं नाही. सतरा नंबरच्या बाईंना शेवटी फार त्रास झाला का, एवढंच विचारलं. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला स्वच्छ कागद भरत होते.

काल वॉर्डात नव्या मुलींचे कागद पाहिले. श्वासाचा रकाना वरपासून खालपर्यंत अठरा.

तुझा मला राग आला आहे, आणि तो लवकर जाईल असं दिसत नाही. आईचं तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस, आणि सांगितलंस तेही मी बोट ठेवल्यावर. पण तीन उशा आणि घोट्यावरचा खळगा म्हणजे हृदय थकलंय, हे दुसऱ्या वर्षाच्या नापास मुलीलाही कळतं. तुला कळत नाही हे मी मानणार नाही. तू स्वतःच्याही रकान्यात अठरा लिहून बसली आहेस.

शनिवारी सकाळी येते. तुला डॉक्टरकडे न्यायचं आहे, त्यात वाद नको. दार उघडायला उठू नकोस, कडी काढून ठेव आणि खुर्चीत बसून राहा. मी आत आले की एक शब्दही बोलायचा नाही. माफी नको, आईचं नको, प्रवास कसा झाला तेही विचारू नकोस. घड्याळ आणते आहे. मला पूर्ण एक मिनिट मोजायचं आहे.

लोभाचं काय ते त्यानंतर बघू.

टिटवी