न बसणारी सून

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

सौ. संयोगिताताईस,

नमस्कार. इकडे सगळं क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझे दोन्ही ब्लाउज झाले. जांभळ्याच्या बाह्या तू म्हणालीस तशा कोपरापर्यंत ठेवल्यात. फोन केला नाही, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि पलीकडे दाजी खोकत असतात. म्हणून हे पत्र ब्लाउजच्या घडीत. पार्सलमध्ये आणखी एक वस्तू आहे, तिचं शेवटी सांगते.

रविवारच्या बैठकीचा निरोप मिळाला. बिद्रीहून सासरचे पाचजण येणार, आपले काका असणार, आणि मी अमरसिंहांकडे परत नांदायला जाते की फारकत घेते ते ठरणार. मी सासूबाईंच्या पाया पडावं, असं तूही सांगणार आहेस म्हणे. कशाबद्दल पडू ते तरी सांग.

साडेचार वर्षांत त्या घरात मला एकच शाबासकी मिळाली. पंगत असो, हळदीकुंकू असो, सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून घडीभर बसायची न्हाय." बायका कौतुकानं बघायच्या. ताई, मला बसताच येत नव्हतं. टेकलं की खाली मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. माझं काम शिवणाचं, आणि मशीनवर दहा मिनिटं निघत नव्हती. उभ्यानं नुसतं कटिंग करून दिवस काढले.

बघ, मीही "खाली" असंच लिहिलं. दवाखान्यात "खाली दुखतंय" म्हटलं की डॉक्टर गुडघ्याकडे बघतात. योनीच्या तोंडाशी दुखतं, ताई. एवढं लिहायला मी उठून दाराला कडी घालून आले. घरात एकटीच राहते, तरी.

पहिले डॉक्टर म्हणाले, लग्न नवीन आहे, सवय होईल. दुसऱ्यांनी न तपासता चार वेळा तेच खाजेचं मलम लिहून दिलं. तिसऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, एक मूल होऊ दे. मूल कसं होणार हे त्यांनी विचारलं नाही. सासूबाईंनी रोज दोनदा तुरटीच्या, नाहीतर जंतुनाशकाच्या पाण्यानं धुवायला लावलं, त्यानं आग दुप्पट झाली. अमरसिंह जवळ आले की मी ओरडायचे. त्यांना वाटलं माझं मन दुसरीकडे गुंतलंय. तसं त्यांनी काकांना सांगितलंही. आणि आपल्या काकांनी मान डोलावली. हा राग माझ्या मनातून कधी जायचा नाही.

जूनमध्ये इथल्या एका डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, नेमकं कुठे? हातात आरसा दिला. काडीला कापूस गुंडाळून एकेका जागी हलकेच टेकवत गेल्या आणि दहापैकी किती दुखतं ते विचारत गेल्या. एका जागी मी नऊ म्हटलं. त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला आणि मला रडू फुटलं.

त्यांनी जे समजावलं ते मी दोनदा विचारून घेतलं. जंतू सापडले नाहीत, गाठ नाही, जखम नाही. तिथल्या नसा बिथरल्यात, कापसाचा स्पर्शही त्यांना चटका वाटतो. पुन्हा दुखेल या धास्तीनं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बसतात, मग जास्तच दुखतं. त्यावर मलमांनी आणि तुरटीनं कातडी चिडलेली. कुणाला हे बाळंतपणानंतर लागतं, कुणाला पाळी जाताना, कुणाला सारखी बुरशी होऊन. सुरुवात कशानं झाली हे दरवेळी सांगता येत नाही, म्हणाल्या, पण दुखणं खरं आहे. आता स्नायू सैल करायचे व्यायाम चालू आहेत, एक गोळी आहे, धुणं फक्त साध्या पाण्यानं. नऊचे चार झालेत. मशीनवर परत बसते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "सगळ्याच सोसत्यात. मी न्हाय सोसलं व्हय?" मी रागानं फोन ठेवला. नंतर ब्लाउज शिवताना तेच डोक्यात फिरत राहिलं. आईच्या बाराव्याहून परत येताना एस.टी.त शेजारी जागा मोकळी होती आणि तू कागलपर्यंत दांडा धरून उभी होतीस. घरी तू ओट्याशी उभ्यानं जेवतेस. आणि दाजी तुझं कौतुक काय म्हणून करतात? माझ्या सासूबाई करायच्या तेच, अगदी त्याच शब्दांत.

तुझ्या सम्राटच्या वेळच्या बाळंतपणापासून दुखतंय ना? बारा वर्षं झाली, ताई. माझी चूक असेल तर हसून सोडून दे. नसेल तर डॉक्टरबाईंचा नंबर हुकांच्या पुडीत ठेवलाय.

रविवारी मी पाया पडणार नाही. सगळ्यांसमोर सगळं सांगणार आहे, आरशासकट. ऐकून घेऊन अमरसिंह माझ्याबरोबर दवाखान्यात आले तर नांदायचा विचार करीन, नाहीतर फारकत. काकांना खाली बघायचं असेल तर बघू देत.

पार्सलमधली ती वस्तू म्हणजे उशी आहे. मधला भाग कापून शिवली की दुखऱ्या जागी भार येत नाही. माझी माझ्याकडे आहे, ही तुझ्या मापाची शिवली. रविवारी ती काखेत मारून ये, आणि त्या सगळ्यांच्या समोर माझ्या शेजारी बस.

तुझी,
क्रांती