तुळशीचा पंक्तिप्रपंच

निर्मळ,
६ ऑक्टोबर १९९९

चि. ज्ञानदास मावशीचे अनेक आशीर्वाद.

दोन्ही वाफ्यांतली पानं ऊन चढायच्या आत खुडून उन्नतीबरोबर पाठवली, ती एव्हाना तुझ्या प्रयोगशाळेत पोचली असतील. तुळस छान झाली. शेजारची रिटा कुंपणावरून रोज विचारते, आज तुळशीला कुठलं टॉनिक? मी म्हटलं, बाई, टॉनिक नव्हे, पानांतले अँटिऑक्सिडंट वाढवणारं औषध आहे, आमच्या ज्ञानदाचा प्रबंध त्यावर उभा आहे. ती म्हणाली, मग उरलेलं माझ्या गुडघ्यांवर मार.

तुझे प्रल्हादकाका केळीत गुंतलेले, म्हणून पंप पाठीवर घेऊन फवारणी मीच केली. एका तुळशीला द्यायचं आणि दुसरीने कोरड्या तोंडाने बघत बसायचं, हे काही मला जमलं नाही. निम्मा पंप इकडे, निम्मा तिकडे. कुणाची तक्रार नाही.

जेवत जा. आठवण काढतेसच, ती कागदावरही काढत जा.

तुझी,
द्वारकामावशी


पुणे,
१२ ऑक्टोबर १९९९

ती. मावशीस शि. सा. न.

तुझं पत्र हातात घेऊन वसतिगृहाच्या पायरीवर बसले आहे.

काल पानांची तपासणी झाली. दोन्ही वाफ्यांचे आकडे सारखे. सर म्हणाले, एकाला औषध, एकाला काहीच नाही, आणि फरक शून्य? पानं एकाच वाफ्यातली आणलीस, की आकडे घरी बसून लिहिलेस? सगळ्यांसमोर विचारलं. मग तुझं पत्र आलं.

मावशी, दुसऱ्या वाफ्यावर औषधाचा थेंबही पडायचा नव्हता. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय औषधाने काय केलं ते कळणारच नाही. मी बजावलं होतं, तू मान डोलावली होतीस. आता सर प्रबंध घ्यायला तयार नाहीत.

रागावून लिहीत नाही. राग यायलाही आधी काही सुचावं लागतं.

तुझीच,
ज्ञानदा


निर्मळ,
१८ ऑक्टोबर १९९९

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हाताला लागलेलं पीठ हातावरच सुकलं. काका हाका मारत होते म्हणे, मला ऐकू आल्या नाहीत. माझ्या मुलीला चारचौघांत खोटं ठरवलं, आणि ते माझ्यामुळे.

बजावलं होतंस, खरंय. पहिल्या दिवशी मी एकाच वाफ्यावर मारलं. पण पंक्तिप्रपंच करणारा हात नाही गं माझा. एकाच पंगतीत एकीला वाढायचं आणि दुसरीला ओलांडून जायचं, हे या घरात मी पाहिलंय. तुझी आई गेल्यावर तुला इथे आणलं, तेव्हा सासूबाई दुधाचा एकच कप भरून आपल्या नातीपुढे, उन्नतीपुढे, ठेवायच्या. तू नुसती बघायचीस, मागायची नाहीस. त्यांची पाठ वळली की मी निम्मं तुझ्या कपात ओतायचे. त्या दुसऱ्या वाफ्याकडे पाहिलं की मला तू तेवढीशी दिसायचीस.

म्हणालीस तर पुण्याला येऊन तुझ्या सरांना मी सांगते.

तुझी,
मावशी


पुणे,
२४ ऑक्टोबर १९९९

ती. मावशीस शि. सा. न.

सरांना तुझं पत्र दाखवलं. वाचून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग माझी माफी मागितली आणि म्हणाले, पुन्हा लाव, मुदत मी वाढवून घेतो.

पण मी सुन्न आहे ती दुधामुळे. भरलेला कप मला आठवत नाही, मावशी, आठवतं ते एवढंच. उन्नतीचा कप अर्धा, माझाही अर्धा. आजवर मला वाटत होतं, आपल्याकडे कप अर्धाच भरतात. इथे मेसमध्येही मी अर्धाच घेते.

या वेळी दोन पंप आणू. एकात औषध, दुसऱ्यात नुसतं पाणी. काका भरून देतील, कुठल्यात काय ते तुला सांगणार नाहीत. दोघींना पूर्ण पंप मिळेल. कुणी बघत बसणार नाही.

लोभ आहे तेवढाच राहू दे, फक्त पंपात घालू नकोस.

तुझीच,
ज्ञानदा

ता. क. उन्नतीला सांग, दिवाळीत सकाळचं दूध मी देणार आहे. तिचा कप काठोकाठ भरायचा राहिला आहे.