आत कुणी नाही

प्रिय ताई,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, कधी येणार? आणि मी विषय बदलते. आज खरं सांगते. या देशात राहण्याच्या माझ्या परवान्याची मुदत कधीच संपली. एकदा निघाले तर परत येता येणार नाही, आणि ह्यांचं काम, पोरीची शाळा सगळं इथेच. म्हणून दार वाजलं की आमच्याकडे आधी टीव्ही बंद होतो, मग बोलणं. घरात किती जण, असं कुणी विचारलं तर एखादं माणूस कमीच सांगायचं, ही इमारतीची रीतच झालीय. लॉन्ड्रीत इस्त्री फिरवताना मी दिवसभर वटवट करते, पण गणवेश दिसला की माझीही वाचा बसते. तुला खरं वाटणार नाही.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर आग लागली. तिथे आमचे शिंपीमामा राहतात, पोरीला नातीसारखी जपणारे. आम्ही सगळे धडपडत खाली आलो. बंबावरच्या जवानाने विचारलं, आत अजून कुणी आहे का, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. कुणी नाही. सवय, दुसरं काय! तिकडे वर मामा खिडकीतून गणवेश बघून कपाटात लपले होते. गर्दीत ते दिसेनात तेव्हा मामा आत आहेत, म्हणून मी अशी किंचाळले, की तुलाही ऐकू गेलं असेल. जवान पुन्हा आत शिरला, मामांना खांद्यावर घालून आला. कागदबिगद काही विचारले नाहीत, पाणी पाजलं. मामा दवाखान्यात आहेत. खोकतात, पण नर्सला टोमणे मारण्याइतके बरे आहेत.

आता नगरपालिकेत वाद चाललाय, की बंबवाल्यांनी, डॉक्टरांनी, शाळेतल्या बाईंनी आमचे कागद तपासावेत की नाही. कायदा मोडणाऱ्यांचे लाड कशाला, म्हणणारे आहेत. मोडलाय खरा, मी नाही कशी म्हणू? पण ताई, निदान आग लागल्यावर तरी माणसाने मदतीला आलेल्यापासून लपू नये, एवढं शहराला करता येईल ना?

उद्या त्यावर सुनावणी आहे. बोलणाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगायचं, आणि दाराशी गणवेशातली माणसं असणार. ह्यांनी हात जोडले, नको जाऊस म्हणाले. मी जातेय. म्हणून हे पत्र. फोन आला नाही तर बाबांना घाबरवू नकोस. कदाचित मीच तुझ्या दारात येऊन थडकेन, माझं अंथरूण घालून ठेव. पण उद्या कुणी विचारलं, आत कुणी आहे का, तर मी सांगणार आहे. आहे. मी आहे.

तुझीच,
बडबडी