मागावरचा नारळ

गुरुजी, खांडेनवमीला सकाळी मी तुमच्या मुलाच्या हातातून नारळ काढून घेतला. माझ्या टॉवेलच्या कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक विणकर आपला माग पुसतो, कुंकू लावतो आणि नारळ आपल्याच हातानं फोडतो. मालकसुद्धा मध्ये येत नाही. तुमच्या मुलानं त्याचा माग आदल्या संध्याकाळीच घासून लख्ख केला होता.

तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता. पुढं तो एका जहाल टोळक्यात गेला, त्यानं बाजारात स्फोटकांची पिशवी ठेवली, माणसं मेली. हे तुम्हाला बघावं लागलं नाही. शिक्षा भोगून तो सुटला, तेव्हा अशा माणसांना कामाला लावणाऱ्या संस्थेच्या ताई माझ्याकडं आल्या. तुमचं नाव निघाल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. शाळेत असताना मी दगड मारून एकाचं डोकं फोडलं होतं. तुम्ही छडीनं माझे हात सुजवलेत आणि दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा माझ्याकडंच दिलीत. "छडी संपली की शिक्षा संपली," म्हणालात. पण गुरुजी, माझ्या दगडानं कुणी मेलं नव्हतं.

तो कामावर आल्यापासून बाकीचे विणकर रोज दारात त्याचा डबा उघडून बघायचे. "भाकरीच हाय नव्हं? न्हायतर आमी समदेच वर जाऊ की!" सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया हसायच्या, मीही हसायचो. तो झाकण लावून मागाकडं जायचा. एकदा आम्ही दोघंच असताना त्यानं मला सांगितलं, "दादा, मेलेल्यांची नावं मी पाठ केलीत. रोज सकाळी घेतो." मीही रोज सकाळी जप करतो. त्याच वेळी तोही हात जोडून बसत असेल, हे मला आवडलं नाही.

खांडेनवमीला तो नारळ उचलतो आणि मी म्हणतो, "थांब. आधी ती नावं घे. मोठ्यानं."

"दादा, ते फकस्त तुमाला सांगितलं हुतं."

"घे म्हटलं ना!"

तो नावं घेतो. नजर खाली, एकही चुकत नाही. शेवटचं नाव एका लहान मुलीचं. तो तिचं वयही सांगतो. मग मी नारळ ओढून घेतला आणि स्वतः फोडला. सगळ्यांना प्रसाद हातात दिला, त्याला वरून टाकला. एक म्हातारा विणकर सगळ्यांसमोर म्हणाला, "मालक, ह्ये बरं न्हाय केलं तुमी."

तेव्हापासून त्याचा डबा कुणी उघडत नाही. म्हातारा त्याला जेवायला शेजारी बसवतो. काल एका बाईनं त्याला शेंगाचटणी वाढली. "खा की रं, लई वाळलायस. तुज्यापरीस कांडी जाड हाय!" सगळे हसले. तोही हसला, अगदी तुमच्यासारखा, मान मागं टाकून.

आज सकाळी जप आटोपला आणि ताईंना फोन केला, उद्यापासून त्याला पाठवू नका. "त्यानं काही केलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कामात लक्ष नाही. हे खोटं आहे. त्याच्याइतका स्वच्छ टॉवेल माझ्याकडं कुणी विणत नाही. तो हसला, तेवढंच मला सहन झालं नाही. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून लिहिलं, नाहीतर लिहिलं नसतं. त्याचा माग आत चालू आहे. त्याला सांगायचं काम मी ताईंवर टाकलंय.