नमुन्याचं रक्त

४ मार्च
आज त्याचं रक्त घेतलं. सुई बघून नवरा पांढराफटक! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दोनदा गर्भ टिकला नाही. आता दोघांचीही गुणसूत्रं बघून घ्या." मी माझं दिलंच नाही. कशाला? गुणसूत्रं मोजणं हीच माझी नोकरी. पेशी वाढवायचं नवं औषध आलं की आधी माझ्याच रक्तावर चालवून बघतात — सुईला न घाबरणारी प्रयोगशाळेत मी एकटी.

५ मार्च
चित्त थाऱ्यावर नाही. सासूबाई सारख्या विचारतात, "कुणात निघेल गं?"

७ मार्च
त्याच्या पेशी वाढल्या. औषध घातलं. त्याने पेशीतल्या, गुणसूत्रं ओढणाऱ्या दोऱ्या विरघळतात. दुभंगण्याआधी पेशी प्रत्येक गुणसूत्राला दोन्हीकडून दोरी लागायची वाट बघते. एक जरी सुटं असलं तरी पुढे सरकत नाही. दोऱ्याच नाहीत म्हटल्यावर बिचारी तिथेच ताटकळते आणि आम्हाला मोजायला सापडते. तिचा धीर मला असता तर! भाजी करपली. त्याच्यावरच खेकसले. मनात एकच — याच्यातच काहीतरी असणार.

८ मार्च
त्याच्या पेशींची काच आमच्या वरिष्ठ मॅडमनी काढून घेतली. "घरच्यांची आपण बघायची नाही." नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते! तरी चिडले.

११ मार्च
त्याचा रिपोर्ट आला. गुणसूत्रं शेहेचाळीसच्या शेहेचाळीस, त्यांच्यावरचे पट्टे जिथल्या तिथे. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.
मॅडम म्हणाल्या, "आणि तुझं?"
"माझं तर नेहमीच—" म्हणता म्हणता थांबले. औषध तपासताना आम्ही पेशी वाढल्या का, एवढंच बघतो. माझे पट्टे आजवर कुणी जुळवूनच बघितले नाहीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१३ मार्च
माझ्या जुन्या काचा होत्याच. मॅडमनी बघितल्या. दोन गुणसूत्रांनी शेपटांची अदलाबदल केली आहे. एकूण कमी नाही, जास्त नाही, म्हणून मी ठणठणीत. पण बीज तयार होताना वाटणी चुकते — एक शेपूट जास्त जातं, दुसरं राहून जातं. आणि दोऱ्या तर नीट लागलेल्या, म्हणून पेशी थांबतही नाही! दोरी लागली का, एवढंच तिला कळतं. "दर वेळी चुकेलच असं नाही," मॅडम म्हणाल्या. ऐकलं. बाथरूममध्ये जाऊन रडले.
त्याला सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि मला वाढायला घेतलं. घुम्या! दोन शब्द जड झाले होते का?

१४ मार्च
तो कामावर गेल्यावर सासूबाई जवळ येऊन बसल्या. "त्याने सांगितलं मला. दोष त्याच्यात निघाला म्हणे."
 मी म्हटलं, "आई, त्याचं सगळं नीट आहे. माझ्यात आहे ते."
"माहीत आहे गं. खोटं बोलताना लहानपणापासून कान खाजवतो. पण त्याला सांगू नकोस. मला पटलं, असंच वाटू दे त्याला."