डबीवरची तारीख

दादा,

आईसाठी साखर तपासायच्या पट्ट्या तू तुझ्या औषधाच्या दुकानातून पाठवायचास. रोज सकाळी मी तिच्या बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचे. आकडा नेहमी दीडशेच्या आत, म्हणून आम्ही निर्धास्त. तिच्या पायाला झालेली जखम काळी पडली तेव्हा लॅबमध्ये साखर निघाली चारशे बारा. पायाची दोन बोटं कापावी लागली.

हॉस्पिटलात सगळ्यांदेखत तू म्हणालास, "हिला साधं मोजताही येत नाही." आईनंही तेव्हा माझ्याकडेच पाहिलं.

परवा पट्ट्यांच्या डबीवरचं तारखेचं लेबल सुटत होतं, ते मी नखानं खरवडलं. खाली मुदत संपण्याची खरी तारीख होती, दीड वर्षापूर्वीच उलटलेली. उरलेल्या चारही डब्यांवर तू तसंच लेबल चिकटवलं होतंस.

आज फोनवर तू विचारलंस, "अजून रागावली आहेस का गं?" मी म्हटलं, "छे रे, चूक माझीच." तेव्हा मी डब्या औषध निरीक्षकांच्या टेबलावर ठेवून नुकतीच बाहेर पडले होते. सोमवारी ते तुझ्या दुकानात येतील.

हे पत्र टाकणारच होते. पण आईला सगळं सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "त्याला आधी कळवू नकोस."

तुझी धाकटी बहीण